अ‍ॅब्लेशननंतरचे नव्वद दिवस

(दादर येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत निवृत्त परिचारिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव मागच्या फलकावर आहे. मी आयुष्यभर त्यांना नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत आले, आजही तसंच म्हणणार आहे.

मी नववीत असताना वडिलांना घेऊन त्यांच्या दवाखान्यात गेले होते. वडील गिरणीत साचेवाले. रात्रपाळी संपवून आले ते छातीवर हात धरूनच. आत फडफडतंय, एवढंच म्हणत होते. डॉक्टरांनी त्यांचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पुरं एक मिनिट. बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती, तरी एक मिनिट म्हणजे एक मिनिट. मग छातीला नळी लावून पुन्हा तेवढंच मोजलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मनगटात ८८ लागले, छातीत १२०. मधले बत्तीस कुठं गेले, सांग बघू.”

मला काय सांगता येणार? त्यांनीच सांगितलं. ते बत्तीस ठोके पडतात, पण इतके घाईचे आणि पोकळ असतात की त्यांचं रक्त मनगटापर्यंत पोचतच नाही. त्या हरवलेल्या ठोक्यांच्या मागे मी पुढे नर्सिंगला गेले. परळच्या एका महापालिका रुग्णालयात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी हृदयविभागात. म्हणून आज त्याच फडफडीबद्दल बोलते. तिच्यावरचा उपचार असलेल्या अ‍ॅब्लेशनबद्दल बोलते, आणि त्याहून जास्त त्यानंतरच्या दिवसांबद्दल, कारण त्या दिवसांविषयी कुणी बोलत नाही.

या आजाराला रोजच्या मराठीत नाव नाही. केसपेपरवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ लिहितात, डॉक्टर ‘एएफ’ म्हणतात आणि पेशंट म्हणतात ‘ठोके चुकतात’, ‘काळीज जाग्यावर नाही’, ‘फडफडतं’. यातला फडफडतं हाच शब्द मला सगळ्यांत नेमका वाटतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत मिनिटाला तीनशे ते सहाशे विजेच्या लहरी सैरावैरा फिरू लागतात. कप्पा आकसत नाही, नुसता थरथरतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेची एक चौकी असते. ती यातल्या काही लहरी खाली सोडते, पण कधी कुठली सोडेल याचा नेम नसतो. म्हणून नाडी नुसती जलद होत नाही, तिचा मेळच जातो.

धडधडीनं माणूस घाबरतो. पण खरी भीती धडधडीची नाही. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. कप्पा आकसेनासा झाला की तिथलं रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते आणि ती सुटली तर बहुतेक वेळा मेंदूकडे जाते. एएफमुळे पक्षाघाताची शक्यता साधारण पाचपट होते. डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप आवळलेली असेल तर अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात ती सतरापट निघाली होती. ज्यांना धडधड अजिबात जाणवत नाही, त्यांनाही हा धोका तेवढाच असतो. वॉर्डात कितीतरी माणसं वाकडं तोंड आणि लुळा हात घेऊन आली आणि मग ईसीजीत कळलं की हे फडफडणं जुनं आहे.

लालबाग-परळच्या माणसांना हा आजार वेगळ्या वाटेनं आला. १९२६ साली परळचं केईएम रुग्णालय सुरू झालं ते गिरणगावाच्या मध्यावर. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं, त्यात एका पोराचा घसा सुजला की सगळ्या पोरांचा सुजायचा. तो घसा नीट बरा न होता ताप यायचा, सांधे सुजायचे, महिन्याभरात पोर पुन्हा पळायला लागायचं आणि आई विसरून जायची. झडप मात्र त्या तापानं आतून जखडत राहायची. पंधरा-वीस वर्षांनी त्यांतलीच एखादी मुलगी पहिलटकरीण म्हणून यायची आणि तिला जिना चढवायचा नाही. हा ताप येऊन गेलेल्या मुलांना आम्ही दर एकवीस दिवसांनी पेनिड्यूर, म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, द्यायचो. ते इंजेक्शन इतकं दुखतं की पोरं वॉर्डाचं दार दिसताच रडायची. तरी जी आई-मावशी पोराला ओढत का होईना तारखेला घेऊन आली, तिनं त्याची झडप वाचवली. एवढं मोठं काम इतक्या साध्या सुईनं झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे सांगायचं कारण असं की परदेशातले आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. भारतातल्या एएफच्या रुग्णांची एक मोठी नोंदवही हृदयतालाच्या तज्ज्ञांनी केली, तिच्यात सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं आणि जवळजवळ निम्म्यांना त्या जुन्या तापानं बिघडलेली झडप होती. २००२ साली अमेरिकेतला चार हजारांहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास म्हणाला की ठोक्यांचा वेग आवरला तरी पुरे, मेळ परत आणायचा अट्टहास नको. पण ती माणसं सत्तरीच्या घरातली. २००४ मध्ये मुंबईच्या डॉ. अमित व्होरा आणि सहकाऱ्यांनी झडपेच्या १४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या या तरुण रुग्णांना मेळ परत आणून टिकवल्यावर जास्त बरं वाटतं, असं त्यात दिसलं. परळच्या वॉर्डात आम्हाला ते डोळ्यांनी दिसत होतंच. कागदावर आलं याचा मला फार आनंद झाला होता.

आता अ‍ॅब्लेशन. १९८७ मध्ये अमेरिकेत डॉ. जेम्स कॉक्स यांनी छाती उघडून वरच्या कप्प्यांत छेद देऊन ते शिवायला सुरुवात केली, म्हणजे व्रणांच्या भिंती उभ्या राहून लहरींची वाट अडेल. शस्त्रक्रिया मोठी होती, थोड्यांनाच झेपणारी. मग १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोचे डॉ. मिशेल हैसगेर यांनी ४५ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली आणि सगळं चित्र पालटलं. फडफड सुरू करणारी ठिणगी बहुतेकांत कप्प्यात पडत नव्हतीच. फुप्फुसाकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा डाव्या कप्प्याला मिळतात, त्यांच्या आत ती पडत होती. मग सगळा कप्पा कशाला छेदायचा? त्या चार तोंडांभोवती व्रणाचं कडं केलं की ठिणगी शिरेतच राहते.

आज कॅथलॅबमध्ये होतं ते एवढंच. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या हृदयात नेतात, उजव्या-डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला सुईनं भोक पाडून पलीकडे जातात आणि शिरांच्या तोंडाभोवती कडं करतात. कुणी रेडिओलहरींच्या उष्णतेनं करतं, कुणी थंड फुग्यानं गोठवून. गेल्या काही वर्षांत विजेच्या क्षणिक झटक्यांनीही करतात, त्यात शेजारच्या अन्ननलिकेला इजा व्हायची भीती बरीच कमी. दोन-तीन तासांचं काम असतं, खर्च लाखांच्या घरात जातो आणि माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो. ज्यांची फडफड अधूनमधून येऊन आपली आपण थांबते, अशा दहांतल्या सुमारे सातांना एका खेपेत वर्षभर तरी चांगला आराम पडतो. महिनोन्‌महिने मुक्काम ठोकलेल्या फडफडीत यश कमी, कधी दुसरी खेप लागते. माझं मत विचाराल तर योग्य माणसाला योग्य वेळी केलेलं अ‍ॅब्लेशन हे फार मोठं देणं आहे. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबणारी माणसं पुन्हा पार्काला फेऱ्या मारताना मी पाहिली आहेत.

पण डिस्चार्ज झाल्यावर काय?

आमच्याच घरातली गोष्ट सांगते. माझ्या यजमानांचं अ‍ॅब्लेशन झालं तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते, रक्तदाब जुना. रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. तिथल्या डॉक्टरांचे हात उत्तम होते आणि काम चोख झालं. निघताना हातात चार पानी इंग्रजी कागद मिळाला. त्यात सगळं होतं, पण रक्ताच्या गोळीपुढे, म्हणजे गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीपुढे, नुसती तिची मात्रा. किती दिवस घ्यायची, कुणाला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हे कुठंच नव्हतं. मी सिस्टर असल्यामुळे मला ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही. मलाही वाटली नाही.

पहिली रात्र पाय सरळ ठेवून पडून काढली. जांघेत काळंनिळं झालं, ते मांडीपर्यंत उतरलं, पंधरवड्यात पिवळं पडून गेलं. दीर्घ श्वास घेतला की छातीत टोचायचं, आतून भाजल्याची सूज ती. नाडी पूर्वीपेक्षा दहा-बारा ठोके जलद चालू लागली. हृदयाला आवर घालणाऱ्या बारीक नसा त्या शिरांच्या जवळच असतात, त्यांना थोडी झळ लागते म्हणून असं काही महिने होतं. अठराव्या रात्री दोन वाजता त्यांनी मला उठवलं. फडफड परत आली होती. पैसे पाण्यात गेले, असं म्हणून ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. मी मनगट धरलं. १३० होते, मेळ नव्हता. तासाभरानं आपोआप थांबलं.

पैसे पाण्यात गेले नव्हते. व्रण भरून येईपर्यंत सुजलेला कप्पा मध्येच थरथरतो. पूर्वी हा काळ तीन महिन्यांचा धरत, २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मतात तो आठ आठवड्यांवर आणला आहे. या काळातली फडफड म्हणजे उपचार फसला असं नाही. हे एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर एका माणसाची रात्र जागरणात गेली नसती. चक्कर, धाप किंवा छातीत दाब असेल तर मात्र रात्रीचे दोन वाजले आहेत हा विचार न करता रुग्णालय गाठायचं.

पुढचं सांगायला मला जड जातं. पाचव्या आठवड्यात त्यांची दाढ ठणकू लागली. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढायची म्हणून रक्ताची गोळी दोन दिवस थांबवायला सांगितली. दाढ निघाली. गोळी पुन्हा सुरू करायची राहून गेली. छातीत शांत होतं, चालणं झकास चाललं होतं, त्यामुळे त्यांना आठवलं नाही. आणि चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्या मोजलेल्या मी घरच्या डबीकडे बघितलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी चहा पुढे होता. त्यांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, “ते दे... ते... गोड...” साखर हा शब्द त्यांना सापडेना. डोळ्यांत भीती होती, आणि ओठाचा उजवा कोपरा जरा उतरला होता.

आम्ही दहा मिनिटांत टॅक्सीत होतो. देवाची कृपा आणि वेळेचं नशीब, वीसेक मिनिटांत शब्द परत आला आणि सीटी स्कॅनमध्ये कायमची इजा निघाली नाही. ते आज इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या परवानगीनं मी हे बोलते आहे.

म्हणून एवढी गोष्ट मनावर घ्या. अ‍ॅब्लेशननं मेळ येतो, पण गुठळीचा धोका त्याच दिवशी जात नाही. उलट भाजलेल्या कप्प्याच्या आत पहिले काही आठवडे गुठळी धरायला जागाच जास्त असते. रक्ताची गोळी अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन-तीन महिने प्रत्येकाला लागते, मग तो कितीही ठणठणीत असो. नव्या गोळ्यांचा असर एका दिवसात उतरतो. आपण या गोळीला ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतो, पण रक्त पातळ होत नाही, ते गोठायला जास्त वेळ घेतं एवढंच. साध्या दाढेसाठी ती बहुधा थांबवावी लागत नाही. थांबवायचीच असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून, आणि सुरू करायची तारीख कागदावर लिहून घेऊनच.

तीन महिन्यांनंतर पुढे काय, हे ठोका कसा आहे यावर नाही, माणूस कसा आहे यावर ठरत आलं आहे. वय पासष्टच्या वर, रक्तदाब, मधुमेह, दमलेलं हृदय, आधी होऊन गेलेला झटका, हे सगळं मोजून. विज्ञान इथेही थांबलेलं नाही. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या ८४० रुग्णांचा अभ्यास आला. अ‍ॅब्लेशननंतर वर्षभर फडफड अजिबात परतली नाही अशांपैकी ज्यांची गोळी थांबवली त्यांना दोन वर्षांत तोटा झाला नाही, रक्तस्राव कमीच झाले. ही आनंदाची बातमी आहे. पण तो वर्षभर तपासून, यंत्रांवर ठोके नोंदवून घेतलेला निर्णय आहे. तो आपल्या जेवणाच्या टेबलावर होत नाही. आणि माझ्या यजमानांसारख्या एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाला आम्ही गोळी कधी सोडू देणार नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. अन्ननलिका डाव्या कप्प्याच्या अगदी पाठीला टेकून असते. भाजताना तिला झळ लागून पुढे भोक पडणं हे फार विरळा, हजारात एकाहूनही कमी, पण झालं तर जिवावरचं. अ‍ॅब्लेशननंतर दुसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत ताप आला, गिळताना दुखू लागलं, उलटीत रक्त दिसलं किंवा हात किंवा पाय लुळा पडला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका. जिथे अ‍ॅब्लेशन झालं तिथेच जा आणि दारातच सांगा की अ‍ॅब्लेशन झालेलं आहे. अशा वेळी छातीचा सीटी स्कॅन करतात. घशातून दुर्बीण घालणं धोक्याचं ठरतं, आणि ज्याला अ‍ॅब्लेशनचं माहीतच नाही असा डॉक्टर नेमकी तीच घालायला जाईल.

रक्ताच्या गोळीतही जुनी आणि नवी असा फरक आहे. दादर स्टेशनबाहेरच्या फुलबाजारात गजरे विकणारी एक बाई आमच्याकडे यायची. झडप फुग्यानं उघडलेली, फडफड कायमची, आणि रोज संध्याकाळी रक्ताची जुनी गोळी, अ‍ॅसिट्रॉम. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासायचा आणि तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. तिचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कनवटीला, आणि उघडलं की मोगऱ्याचा वास यायचा. तिचे आकडे वर्षभर सरळ असायचे आणि भाद्रपदात हमखास खाली घसरायचे. गोळी चुकत नव्हती. शेवटी मी जेवणाची चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. ऋषिपंचमीची भाजी, गौरीला अळूचं फदफदं, दुसऱ्या दिवशी उरलेलं तेच. एरवी जिच्या ताटात पालेभाजी क्वचित, ती चार दिवस वाटी वाटी खायची. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व अ‍ॅसिट्रॉमच्या उलट काम करतं. तिला मी अळू बंद करायला सांगितलं नाही. गौरीला अळू नको असं आम्ही कोण सांगणार? वर्षभर आठवड्यातून दोनदा थोडी पालेभाजी खात जा आणि गौरीलाही तेवढीच वाटी घे, म्हटलं. पुढच्या भाद्रपदात आकडा हलला नाही.

नव्या गोळ्यांना पालेभाजीचं पथ्य नाही, म्हणून मुलं म्हणतात, आईला ती जुनी गोळी कशाला, नवी द्या. अमेरिकेतून मुलगा व्हिडिओ कॉलवर सांगतो तेव्हा आईचाही विश्वास बसतो. झडप चांगली असेल तर मुलाचं बरोबर आहे. पण जुन्या तापानं झडप आवळलेली असेल तर नाही. २०२२ साली चोवीस देशांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. भारतातलेही रुग्ण त्यात होते. अशा झडपेच्या रुग्णांत जुन्याच पद्धतीच्या गोळीवर माणसं जास्त जगली. धातूची झडप बसवलेल्यांनाही जुनीच गोळी. आणि गोळी जुनी असो वा नवी, गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून परस्पर वेदनाशामक आणून घेऊ नका. त्यानं पोटात झालेला रक्तस्राव मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही.

फडफड परतू नये म्हणून घरी करण्यासारखंही पुष्कळ आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या २०१५ च्या अभ्यासात ज्या जाड माणसांनी दहा टक्के वजन उतरवून टिकवलं, त्यांना मेळ टिकण्याची शक्यता सुमारे सहापट मिळाली. रात्री मोठ्यानं घोरून मध्येच श्वास अडकणाऱ्यांनी झोपेची तपासणी करून घ्यावी, कारण तो अडकलेला श्वास कप्प्याला ताणतो. २०१३ मध्ये अमेरिकेत डॉ. धनुंजय लक्किरेड्डी यांनी आठवड्यातून दोनदा, असा तीन महिने योग करवून फडफडीचे झटके कमी झालेले दाखवले. योग गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे. पार्कात सकाळी वर्ग चालतात, दारू सोडायला पैसे लागत नाहीत आणि रक्तदाबाचं यंत्र घराघरात आहे.

आता दाराजवळच्या टेबलाकडे बघा. तिथे एका पानाचं मराठी कार्ड ठेवलं आहे. मी आणि माझ्याबरोबरच्या चार निवृत्त सिस्टरनी ते लिहिलं, हृदयाच्या दोन डॉक्टरांनी तपासलं. अ‍ॅब्लेशन झालेल्या किंवा व्हायच्या माणसानं ते न्यावं. जांघेत गाठ येऊन ती लिंबाएवढी वाढली किंवा रक्त वाहू लागलं तर हातानं घट्ट दाबून धरून निघायचं, हे त्यात आहे. गोळीचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि ‘विचारल्याशिवाय बंद नाही’ हे मोठ्या अक्षरांत आहे. नाडी मोजायला तीस रकाने आहेत. अंगठ्यानं नाही, तीन बोटांनी, बसून, पुरं एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं की बेमेळ नाडीचा आकडा चुकतो. जमत नसेल त्यांना व्याख्यान संपल्यावर आम्ही पाचही जणी टेबलाशी बसून शिकवणार आहोत. हात मात्र स्वतःचा पुढे करा.

कार्डाच्या तळाशी एक ओळ कोरी आहे. तिथे फोन नंबर हवा, रात्री दोन वाजता उचलला जाईल असा. तो आम्हाला छापता येत नाही, कारण प्रत्येकाचं रुग्णालय वेगळं. डिस्चार्जच्या दिवशी बिल भरून झालं की घाईनं लिफ्टकडे जाऊ नका. परत वॉर्डात जा, ड्युटीवरच्या सिस्टरपुढे हे कार्ड ठेवा आणि ती ओळ तिच्या हातानं भरून घ्या.